मांडीच्या स्नायूंनी गुडघा चालवताना

गुडघ्याच्या वर पाय कापला गेलेल्या माणसाच्या मांडीत स्नायू शिल्लक असतात, पण गुडघ्याचे काम त्यांना शिल्लक नसते. मांडीच्या पुढच्या बाजूचा क्वाड्रिसेप्स गुडघा सरळ करत असे आणि मागचे हॅमस्ट्रिंग तो दुमडत असत. गुडघाच गेल्यावर या दोघांची खालची टोके शस्त्रक्रियेत हाडाला किंवा एकमेकांना शिवून टाकतात आणि खुब्याच्या हालचालीला हातभार लावणे व हाडाच्या टोकावर मांसाचे आच्छादन देणे एवढीच कामगिरी त्यांच्याकडे उरते. मेंदूकडून त्यांना जाणारा हुकूम मात्र थांबत नाही. माझ्या डाव्या मांडीत पोहोचणाऱ्या या हुकमावर मोटर असलेला गुडघा चालवता येईल का, हे तपासणाऱ्या एका संशोधनात मी सहभागी आहे. सोलापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची प्रयोगशाळा आणि एक फिजिओथेरपी विभाग मिळून हे काम करतात. या विषयावर मराठीत जे छापून येते ते बहुधा परदेशातल्या यशाविषयी असते. मांडीला इलेक्ट्रोड, म्हणजे त्वचेवरून विद्युत संकेत टिपणाऱ्या चकत्या, लावून बसणाऱ्या माणसाला प्रत्यक्ष काय करावे लागते ते त्यात सापडत नाही. म्हणून माझ्या वाट्याला आलेला अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

आधी साधा कृत्रिम पाय कसा चालतो ते सांगायला हवे, कारण ते समजल्याशिवाय मोटरची गरज कळत नाही. माझा पाय पुणे रस्त्यावरच्या अपघातात गेला. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो, दिवसभर फळ्यापुढे उभे राहावे लागते, त्यामुळे लवकरात लवकर उभे राहणे ही माझी पहिली निकड होती. पहिला पाय एका शिबिरात मिळाला. त्याचा गुडघा चालताना ताठ अडकवलेला असे आणि बसताना खटका ओढून मोकळा करावा लागे. पुढे पुण्याहून पॉलिसेंट्रिक म्हणतात तसा, एकापेक्षा अधिक अक्षांवर फिरणारा गुडघा बसवून घेतला. तोही पूर्णपणे यांत्रिकच आहे: शरीराचा भार त्याच्या अक्षाच्या पुढून गेला की तो ताठ राहतो आणि पाऊल उचलण्याच्या सुमारास भार पुढच्या चवड्यावर गेला की दुमडतो. त्याला स्वतःची ताकद नाही आणि माझ्या मनात काय आहे हे कळण्याचे साधनही नाही. टाच टेकताना मांडी मागे रेटायची, पाऊल उचलताना कमरेतून झोका द्यायचा, अशा रीतीने सगळे खुब्याच्या सांध्याकडून करून घ्यावे लागते. सपाटीवर हे अंगवळणी पडते. अडते ते जिन्यावर, उतारावर आणि बुटक्या खुर्चीतून उठताना.

याचे कारण गुडघ्याच्या कामातच आहे. सपाट जमिनीवर चालताना माणसाचा गुडघा मुख्यतः ऊर्जा शोषून घेतो, वेग आवरतो. शरीर पुढे ढकलण्याचे बरेचसे काम घोट्याकडे असते. जिना चढताना मात्र गुडघ्याला सगळे शरीर वर उचलावे लागते, आणि बिजागरी कितीही उत्तम असली तरी ती कुणाला वर उचलू शकत नाही. आमचे घर जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर आहे. प्रत्येक पायरीवर आधी उजवा पाय, मग ओढून घेतलेला डावा, असाच मी चढत आलो आहे, आणि त्या उजव्या गुडघ्यावर पडणारा जादा भार हीच आता माझी सर्वांत मोठी काळजी आहे.

संगणकावर चालणारे गुडघे बाजारात नाहीत असे नाही. जर्मन कंपनी ऑटोबॉकचा सी-लेग १९९७ साली आला. त्यातला मायक्रोप्रोसेसर गुडघ्याचा कोन आणि भार सतत मोजून हायड्रॉलिक रोध कमीजास्त करतो. आइसलंडच्या ओसुर कंपनीचा पॉवर नी २००६ साली आला आणि त्यात मोटर होती. आपल्याकडे इस्रोने २०२२ साली मायक्रोप्रोसेसरवर चालणारा १.६ किलो वजनाचा गुडघा जाहीर केला आणि त्यावर एका व्यक्तीने थोड्याशा आधाराने सुमारे शंभर मीटर चालून दाखवले. हे सगळे मोठे काम आहे. पण यांपैकी कोणताही गुडघा स्नायूंचे संकेत वाचत नाही. पाय कसा हलतो आहे, त्यावर किती भार आहे, यावरून तो पुढचा अंदाज बांधतो. म्हणजे हालचाल सुरू झाल्यावरच त्याला हालचाल कळते. स्नायूतला विद्युत संकेत मात्र स्नायूने प्रत्यक्ष ओढ घेण्याच्या किंचित आधी उमटतो. पायरीजवळ आल्यावर ‘आता चढायचे’ हे मांडीला जमिनीवरचा पाय उचलण्यापूर्वीच ठाऊक असते, आणि आमच्या संशोधनाचा सगळा भर या थोड्याशा आगाऊ माहितीवर आहे.

मला या कामाविषयी माझ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सांगितले. निवड होण्याआधी तपासणी झाली. स्टंपची, म्हणजे कापल्यावर उरलेल्या मांडीची, लांबी मोजली, त्वचेवर जखम किंवा पुटकुळ्या नाहीत ना ते पाहिले आणि खुब्याचा सांधा पुढच्या बाजूला आखडला आहे का ते तपासले. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या, पालथे झोपण्याचा व्यायाम न करणाऱ्या माणसांचा तो हमखास आखडतो. मग मॅडमनी मांडीच्या पुढच्या भागावर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, “सर, डावा गुडघा सरळ करा.” अपघातानंतर ही सूचना मला कोणी दिली नव्हती. मी नसलेला गुडघा सरळ केला आणि त्यांच्या हाताखाली काहीतरी सरकले. “हा तुमचा क्वाड्रिसेप्स. चांगला जिवंत आहे,” असे त्या म्हणाल्या. संमतीपत्र मराठीत होते आणि त्यातल्या अटी त्यांनी मोठ्याने वाचून समजावल्या: कधीही बाहेर पडता येईल, मोटरचा पाय घरी नेता येणार नाही, आणि यातून उपचाराची हमी मिळत नाही. ही तिसरी अट मला विशेष महत्त्वाची वाटते. आशेने आलेल्या माणसाला ती सुरुवातीलाच स्पष्ट सांगणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण आहे.

संकेत घेण्याची रीत दिसायला सोपी आहे. मांडीवरचे केस काढायचे, त्वचा स्पिरिटने पुसायची, स्नायूच्या तंतूंच्या दिशेने साधारण दोन सेंटिमीटर अंतरावर दोन इलेक्ट्रोड चिकटवायचे आणि संदर्भासाठी एक इलेक्ट्रोड कमरेच्या हाडावर लावायचा. स्नायूवरच्या त्या दोन इलेक्ट्रोडमधल्या विद्युतदाबाचा फरक मोजला जातो. हा फरक अतिशय सूक्ष्म असतो. घड्याळातला साधा सेल दीड व्होल्टचा, म्हणजे दीड हजार मिलिव्होल्टचा असतो, आणि त्वचेवरचा हा संकेत बहुधा एका मिलिव्होल्टपेक्षाही कमी असतो, जोरात आवळले तरी काही मिलिव्होल्टच्या पुढे जात नाही. त्याची कंपने साधारण २० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतात, म्हणून तो सेकंदाला हजार किंवा अधिक वेळा टिपतात. घरातली वीज ५० हर्ट्झची आहे आणि ती नेमकी याच पट्ट्यात येते. पहिल्या बैठकीत पडद्यावर एक सुबक, एकसारखी लाट दिसत होती. ती माझ्या स्नायूची नव्हती, खोलीतल्या पंख्याची आणि लॅपटॉपच्या चार्जरची होती. चार्जर काढला, पंखा बंद केला, तारा एकत्र वळवल्या, तेव्हा ती लाट बसली आणि तिच्याखालून खरा संकेत वर आला.

आणखी एक अडचण अशी की, कापलेल्या मांडीत स्नायू पुस्तकातल्या चित्राप्रमाणे जागच्या जागी नसतात. शिवताना ते थोडे सरकतात, काही आक्रसतात, काहींवर चरबी वाढते. त्यामुळे इलेक्ट्रोडची जागा बोटांनी चाचपून, माझ्याकडून वारंवार आवळून घेऊन शोधावी लागली आणि सापडलेल्या जागांवर त्वचेला न पुसणाऱ्या शाईच्या खुणा केल्या गेल्या.

यानंतर जे समोर आले ते मला या सगळ्या अनुभवाचे मर्म वाटते. पडद्यावर दोन रेषा होत्या, वरची क्वाड्रिसेप्सची आणि खालची हॅमस्ट्रिंगची. “सरळ करा” म्हटले की वरची रेषा चढायला हवी होती आणि “दुमडा” म्हटले की खालची. माझ्या बाबतीत दोन्ही सूचनांना दोन्ही रेषा चढत होत्या, आणि “सोडा” म्हटल्यावर दोन्ही अर्ध्यावरच तरंगत राहत. यंत्राच्या दृष्टीने सरळ, दुमडलेला आणि विश्रांती, या तिन्हींत फरकच नव्हता.

मॅडमनी याची दोन कारणे सांगितली. रोजच्या कृत्रिम पायाच्या सॉकेटमध्ये, म्हणजे मांडी ज्यात बसते त्या साच्यात, मांडी घट्ट राहावी म्हणून माणूस नकळत मांडीचे सगळे स्नायू एकदम आवळून धरायला शिकतो. सॉकेट थोडे सैल असले तर अधिकच. म्हणजे ज्या सवयीने मी वर्गात उभा राहत होतो तीच सवय इथे आड येत होती. दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. धडधाकट पायात एक स्नायू आवळला की त्याच्या विरुद्धचा ताणला जातो, आणि त्या ताणाची बातमी मेंदूला पोहोचते. डोळे मिटूनही गुडघा किती वाकला आहे हे आपल्याला कळते ते या बातमीमुळे. शिवून बांधलेला स्नायू आवळला तरी फारसा आखूड होत नाही आणि त्याचा जोडीदार ताणला जात नाही. हुकूम जातो, पण उत्तर येत नाही. उत्तर न मिळणारा मेंदू मग खात्रीसाठी सगळ्यांनाच एकदम हुकूम देतो.

म्हणून आमचे पहिले काही महिने पाय नावाची वस्तू न लावता, केवळ पडद्यापुढे बसून गेले. मला आधी वाटले होते की जोर वाढवण्याचा व्यायाम असेल. जोर माझ्याकडे होता. शिकायचे होते ते सोडणे. हॅमस्ट्रिंग शांत ठेवून क्वाड्रिसेप्स आवळणे, मग क्वाड्रिसेप्स पूर्णपणे सोडून रेषा तळाला टेकेपर्यंत थांबणे, आणि मगच दुसऱ्याकडे वळणे. आवळणे क्षणात होते, पण सोडण्यासाठी मनाला काय सांगायचे तेच कळत नाही. “सैल करा” या सूचनेचा काही उपयोग होत नसे. उपयोग झाला तो नसलेल्या पायाचा. मला माझे डावे पाऊल अजून जाणवते, मात्र ते जागेवर नाही. ते वर सरकून मांडीच्या टोकाशी आल्यासारखे वाटते, आणि अनेकांना असेच होते असे मॅडम म्हणाल्या. त्यांनी मला उजवा पाय स्टुलावरून हळू खाली सोडायला सांगितला आणि डावाही त्याच्याबरोबर खाली जातो आहे असे मनात धरायला लावले. दोन्ही पाय एकत्र लोंबते सोडले की डावी रेषा खाली बसे. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात नसलेल्या अवयवाच्या वेदनेसाठी आरशाचा उपाय मांडला होता, त्यात शाबूत अवयवाचे प्रतिबिंब हरवलेल्या अवयवाच्या जागी दिसते. आमच्याकडेही काही बैठकांत दोन पायांमध्ये उभा आरसा ठेवून हा सराव झाला. मला त्याचा लाभ झाला हे मी निश्चितपणे सांगू शकतो.

माझ्याबरोबर या कामात एक यंत्रमाग कामगार आहेत, माझ्याहून वयाने मोठे, घरी तेलुगू बोलणारे. मी त्यांना मामा म्हणतो. त्यांचा पाय गुडघ्याच्या खाली कापला आहे आणि गुडघा शाबूत आहे. त्यांचे काम माझ्यापेक्षा वेगळे आहे, कारण त्यांना चालवायचा आहे तो घोटा, आणि घोटा वर उचलणारा नडगीवरचा स्नायू व तो खाली दाबणारा पोटरीचा स्नायू हे दोन्ही त्यांच्या उरलेल्या पायात अंशतः आहेत. ज्या स्नायूचे जे मूळ काम, त्याच कामाचा संकेत. “सर, बोटं हायत बघा अजून माझी, हलवली की कळतंय,” असे ते पहिल्याच दिवशी म्हणाले आणि त्यांच्या दोन रेषा माझ्यापेक्षा कितीतरी लवकर वेगळ्या झाल्या. माझ्या मांडीत घोट्याचा एकही स्नायू नाही. घोटा हलवण्याचा विचार केला की मांडीत जी पुसटशी खळबळ होते तेवढ्यावरच काम भागवावे लागते.

त्यासाठी निराळी पद्धत वापरतात. मांडीच्या अनेक स्नायूंवर इलेक्ट्रोड लावायचे, प्रत्येक हालचालीचा विचार माझ्याकडून अनेकदा करून घ्यायचा आणि त्या वेळी सगळ्या रेषा मिळून कोणता नमुना तयार होतो ते संगणकाला शिकवायचे. सोलापुरी चादरीत जकार्डच्या पत्त्यावरचे एक भोक काहीच सांगत नाही, पण सगळी भोके मिळून ताण्याचे कोणते धागे उचलायचे ते ठरते आणि नक्षी उमटते. एकेका स्नायूची रेषा अस्पष्ट असली तरी त्यांचा एकत्रित नमुना ओळखता येतो, तो काहीसा असाच. संगणक साधारण पाव सेकंदाचा तुकडा घेऊन, त्यातली लाटेची उंची, शून्यरेषा ओलांडण्याची संख्या अशी मोजमापे काढून निर्णय देतो. हा तुकडा मोठा घेतला तर निर्णय अधिक अचूक येतो, पण पाय उशिरा हलतो; आणि उशिरा हलणारा पाय आपला वाटत नाही. अभियंत्यांशी माझा यावर सर्वांत अधिक वाद झाला. त्यांना अचूकता वाढवायची होती, मला उशीर नको होता. शेवटी बसलेल्या स्थितीत छोटा तुकडा आणि उभे असताना मोठा, असे ठरले, आणि ते मला योग्य वाटते.

सोलापूरच्या हवेचाही यात वाटा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, सॉकेटच्या आत मांडीवर चढवायच्या सिलिकॉनच्या लायनरखाली घाम साचतो, आणि घामामुळे इलेक्ट्रोडचा त्वचेशी असलेला संपर्क बदलतो. आधी वीज नीट वाहते, मग दोन इलेक्ट्रोडमध्ये घामाचाच पूल तयार होतो आणि संकेत बसतो. पंखा लावावा तर ५० हर्ट्झचा त्रास. शेवटी उन्हाळ्यातल्या बैठका सकाळी लवकर, शाळेच्या सुट्टीत घेतल्या गेल्या. थकलेल्या स्नायूचा संकेतही बदलतो, त्याची कंपने मंदावतात आणि उंची वाढते, त्यामुळे सकाळी शिकवलेला नमुना दुपारी जुळत नाही. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला संगणकाला थोडे नव्याने शिकवावेच लागते.

मोटरचा गुडघा पहिल्यांदा लावला तो बसून. तो माझ्या रोजच्या पायापेक्षा बराच जड आहे, बॅटरी कमरेच्या पट्ट्यात बांधावी लागते आणि मोटरचा आवाज खोलीभर ऐकू येतो. उंच टेबलावर बसून मी क्वाड्रिसेप्स आवळला आणि लोंबणारी नडगी वर आली. सोडला, तशी खाली गेली. थोडा आवळला तर थोडीच वर येऊन थांबली. यात नमुना ओळखणे नव्हते. दोन स्नायूंच्या संकेतांतल्या फरकाच्या प्रमाणात मोटर जोर लावत होती. दोन्ही एकदम आवळले तर गुडघा जागीच ताठ होत असे, म्हणजे जी सवय मोडण्यासाठी एवढा सराव केला तिलाही आता एक उपयोगाचे काम मिळाले. पाय गेल्यापासून माझ्या इच्छेने काहीतरी मध्येच थांबते आहे हे मी प्रथमच पाहिले. त्या दिवशी मी पुष्कळ वेळ नडगी नुसती वर-खाली करत बसलो आणि कोणी घाई केली नाही.

उभे राहून चालणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. स्नायूंच्या संकेतावर चालणारे कृत्रिम हात जगात १९६० च्या दशकापासून वापरात आहेत. पाय इतका मागे राहिला याचे कारण हाताची चूक झाली तर पेला पडतो, पायाची झाली तर माणूस पडतो. म्हणून आमच्या गुडघ्यात स्नायूंना एकहाती अधिकार दिलेला नाही. भार आणि कोन मोजणारे संवेदक पाऊल जमिनीवर आहे की हवेत हे ठरवतात. सपाटी, चढण, उतरण की बसणे यांतला बदल करताना स्नायूंचा संकेत त्यांच्या निर्णयात भर घालतो. आणि शंका असली तर गुडघा आधीच्याच स्थितीत राहतो. छताला अडकवलेला हार्नेस अंगात, दोन्ही बाजूंना पॅरलल बार, आणि मोटर तत्काळ बंद करणारे बटण हातात धरून शेजारी चालणारा विद्यार्थी, अशी व्यवस्था असते. लाकडी पायऱ्यांवर जेव्हा डावा पाय आधी ठेवून, गुडघ्याने मला उचलून घेतले, तेव्हा उजव्या पायाला काही करावे लागले नाही हे माझ्या आधी शेजारच्या विद्यार्थ्याच्या लक्षात आले. त्यानंतरही अनेकदा गुडघ्याने पायरी ओळखली नाही. उतरताना माझा विश्वास अजून बसलेला नाही आणि बारवरचा हात सुटत नाही.

जगात हे काम कुठवर गेले आहे याची चौकशी मी स्वाभाविकपणे केली. शिकागोच्या पुनर्वसन संस्थेत लेव्ही हारग्रोव्ह आणि टॉड कुइकेन यांच्या गटाने, पूर्वी पायाच्या खालच्या भागाकडे जाणाऱ्या नसा हॅमस्ट्रिंगमध्ये जोडण्याची शस्त्रक्रिया झालेल्या झॅक वॉटर यांना स्नायूंच्या संकेतांवर चालणारा पाय दिला. ते नोव्हेंबर २०१२ मध्ये विलिस टॉवरचे १०३ मजले जिन्याने चढले. अशा शस्त्रक्रियेने मांडीतच घोट्याचा हुकूम ऐकू येऊ लागतो, जो माझ्याकडे पुसट आहे. याच गटाने २०१५ साली गुडघ्याच्या वर किंवा गुडघ्यातूनच पाय गेलेल्या सात जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हा केवळ यांत्रिक संवेदकांवर होणाऱ्या चुका सरासरी १४.१ टक्के होत्या, त्या स्नायूंच्या संकेतांची भर घातल्यावर ७.९ टक्क्यांवर आल्या. चुका निम्म्याच्या जवळ येतात, पण शून्य होत नाहीत. आमचा हार्नेस का सुटत नाही ते यावरून कळते.

मला अधिक मोलाचे वाटते ते अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेतल्या ह्यू हर यांच्या गटाचे काम. हर यांचे स्वतःचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापलेले आहेत. त्यांच्या गटाच्या पद्धतीत पाय कापतानाच विरुद्ध कामाचे दोन स्नायू एकमेकांना अशा तऱ्हेने जोडतात की एक आवळला की दुसरा ताणला जातो; अशी पहिली शस्त्रक्रिया २०१६ साली बोस्टनमध्ये झाली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात गुडघ्याखाली पाय गेलेले चौदा जण होते आणि सात जणांची शस्त्रक्रिया या पद्धतीची होती. मेंदूकडे परत जाणाऱ्या बातमीचा धडधाकट पायाच्या तुलनेत सुमारे १८ टक्के भागच परत मिळाला, तरी तेवढ्यावर त्यांच्या चालण्याचा कमाल वेग नेहमीच्या शस्त्रक्रियेच्या लोकांपेक्षा ४१ टक्क्यांनी अधिक होता. हे वाचले तेव्हा पडद्यापुढच्या माझ्या महिन्यांचा अर्थ मला लागला. मी डोळ्यांनी जे उत्तर मिळवत होतो ते या लोकांना स्नायूंतूनच मिळते.

माझी शस्त्रक्रिया तातडीची होती, जीव वाचवणे हे काम होते, आणि ज्यांनी ते केले त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. तरीही मला असे ठामपणे वाटते की, जिथे पाय कापण्याआधी विचार करायला वेळ असतो, मधुमेहाच्या जखमेत तो अनेकदा असतो, तिथे स्नायूंची टोके कशी बांधायची याची चर्चा रुग्णाबरोबर व्हायला हवी. निदान हाडाला ती पक्की, योग्य ताणावर शिवली जावीत, आणि टाके भरल्यावर नसलेला गुडघा सरळ-दुमडता करण्याचा सराव मलमपट्टीइतक्याच नेमाने सुरू व्हावा. त्याला मोटर लागत नाही, पडदाही लागत नाही. फिजिओथेरपिस्टचा हात मांडीवर असला तरी पुरते. मोटरचा गुडघा आपल्या गावातल्या किती जणांना परवडेल हे मी सांगू शकत नाही, पण हा सराव प्रत्येकाला मिळू शकतो.

माझ्या रोजच्या, यांत्रिक पायावरही या सरावाचा परिणाम झाला आहे. मांडी भरली, त्यामुळे जुने सॉकेट घट्ट होऊन बदलावे लागले. नव्या सॉकेटमध्ये मांडी आवळून धरण्याची गरज कमी भासते आणि संध्याकाळी शाळेतून परतल्यावर स्टंप पूर्वीसारखा थकलेला नसतो. रात्री नसलेल्या पावलात येणारे पेटके माझ्यापुरते कमी झाले आहेत. मामांचे झालेले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला यंदा सिद्धेश्वर मंदिरापर्यंत मी माझ्या यांत्रिक पायानेच गेलो, गर्दीत माझ्या पुतण्याचा हात धरून.

सध्या काम अडले आहे ते लायनरवर. चिकटवायचे इलेक्ट्रोड सॉकेटच्या दाबाखाली सरकतात आणि पाऊल हवेत असताना सॉकेट किंचित खाली ओढले गेले की त्यांचा संपर्क सुटतो. नेमक्या त्याच क्षणी पुढच्या पायरीचा निर्णय हवा असतो. म्हणून लायनरमध्येच धातूच्या छोट्या घुमटाकार बटणांचे इलेक्ट्रोड बसवून पाहायचे ठरले आहे. माझ्या मांडीचा नवा साचा घेऊन झाला आहे, जुन्या शाईच्या खुणांवरून बटणांच्या जागा आखल्या आहेत. उतरत्या रॅम्पवरचे रेकॉर्डिंग या लायनरवरच होईल, आणि ते पावसाळा सुरू होऊन घाम कमी झाल्यावर घ्यावे असे मॅडमनी सुचवले आहे.